हात आमचे, हिशेब कुणाचा?

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चशेजारच्या खोलीतले एक टेबल मोकळे केले जाते. दानाच्या थैल्या त्यावर उलट्या होतात. दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा तळहाताने सरळ करायच्या, सगळ्यांची तोंडे एका दिशेला आणायची, शंभराच्या नोटांना रबर लावायचे, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती रचायच्या. एक जण पाकिटांवरची नावे वाचतो, दुसरा वहीत उतरवतो. मध्येच एखादी फाटकी नोट निघते आणि ती नेमकी कुणी टाकली असेल यावर दोन मिनिटे हसणे होते. मोजणारे बहुतेक निवृत्त. कुणी ओझरच्या एचएएलमधून, कुणी शाळेतून. आयुष्यभर नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात नोटा छापून आता रविवारी त्याच मोजत बसलेला एखादाही सापडतो. अर्ध्या तासात बेरीज जुळते, चिठ्ठीवर दोन सह्या होतात आणि थैली ऑफिसात जाते.

या मंडळींना दर रविवारचे दान रुपयापर्यंत ठाऊक असते. वर्षअखेर त्या दानातून छपराला किती गेले, गरिबांना किती, गाडीच्या डिझेलला किती, हे विचारले तर अनेक ठिकाणी उत्तर एकच मिळते: ‘ते फादरांना माहीत.’ पाळकाच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चमध्ये ‘ते कमिटीला माहीत.’

नाशिकमधल्या ख्रिस्ती मंडळींबद्दल बोलायचे तर या चिठ्ठीपासूनच सुरुवात करायला हवी. ज्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतलेली नाही, जे नोकरी-धंदा आणि संसार सांभाळून चर्चचे काम करतात, त्यांना वसईकडच्या कॅथॉलिक मराठीत ‘प्रापंचिक’ असा नेटका शब्द आहे. चर्च चालते ते या प्रापंचिकांवर. वेदीवरची फुले आदल्या संध्याकाळी लावणारी बाई, शास्त्रवाचन करणारा कॉलेजातला मुलगा, रविवार-शाळेत पोरांना गोष्टी सांगणारी शिक्षिका, पेटी वाजवणारा, तबल्यावर बसणारा, आजाऱ्याच्या घरी जाणारे, कुणी वारले की दफनभूमीत खड्ड्यापासून शवपेटीपर्यंत सगळे बघणारे. यातल्या कुणालाही पगार नाही. आणि यातल्या फारच थोड्यांना निर्णयात वाटा आहे. मागणे हातांचे असते, मताचे नसते, आणि तक्रार आहे ती इथे.

नाशिककरांना बिनपगारी धर्मसेवा नवी नाही. दिंडोरीच्या स्वामी समर्थ केंद्रामुळे ‘सेवेकरी’ हा शब्द इथल्या घराघरांत पोहोचला आहे. मनमाडला गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलेल्यांना पोळ्या कोण लाटते, भांडी कोण घासते, हे कुणी विचारत नाही. ते सेवेत होते, एवढे पुरते. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या दिंड्यांना वाटेत चहा-फराळ देणारे कुणाच्या हजेरीपटावर नसतात. त्याच रांगेत फेब्रुवारीत भरणारी नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा बसवावी लागते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मुंबई, वसई, गोव्याकडून माणसे येतात आणि दिवसभर मिस्सा चालू राहतात. तीर्थस्थान येशूसंघीय (जेझुइट) फादरांचे, पण गाड्या कुठे लावायच्या इथपासून हरवलेल्या पोराचे नाव माइकवरून पुकारण्यापर्यंतचे काम शहरातल्या तरुण-तरुणींचे आणि मावशी-काकांचे असते. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिथलीही तीच कथा.

यात्रा पार पडली की मंचावरून आभार मानले जातात. आभार मनापासून असतात, यात शंका नाही.

आता थोडे मागे जाऊ. शरणपूर रोड म्हटले की आजच्या नाशिककराला बँका, दवाखाने, कपड्यांची दुकाने आणि सिग्नलवरची गर्दी आठवते. ‘शरणपूर’ म्हणजे शरण आलेल्यांचे गाव, हे नावातच आहे, तरी ते कुणाच्या लक्षात येत नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात ही ख्रिस्ती वसाहत वसवली. शाळा, सुतारकाम-लोहारकामाची कार्यशाळा, अनाथ मुलांची सोय असा तिचा पसारा होता. अरबी समुद्रात इंग्रजी नौदलाने गुलामांची गलबते पकडली की सुटका झालेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात. १८६० पासून त्यांतली अनेक मुले शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये आली. गोदेकाठच्या या गावात ती लिहायला-वाचायला शिकली, हातात हत्यार धरायला शिकली. पुढे पूर्व आफ्रिकेत त्यांची ओळखच ‘नाशिकची मुले’ अशी झाली. आफ्रिकेचे संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ मध्ये शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकहून आलेले नऊ जण होते. नंतर दुसरी तुकडी त्यांना जाऊन मिळाली, तिच्यात जेकब वेनराइट होता.

१८७३च्या मे महिन्यात आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. जवळ ना गोरा माणूस, ना पाद्री. बरोबरच्या आफ्रिकन लोकांनी ठरवले की देह समुद्रापर्यंत न्यायचा. काळीज आणि आतडी तिथेच झाडाखाली पुरली, देह मीठ लावून उन्हात वाळवला. पुरताना प्रार्थनापुस्तकातला अंत्यविधी वाचला तो शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटने, कारण तो वाचू शकत होता. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. सोबत्यांतल्या काही म्होरक्यांची नावेही कोरली, स्वतःचे मात्र नाही. मग चुमा, सुसी या जुन्या सोबत्यांनी आणि बाकीच्यांनी तो देह कित्येक महिने पायी वाहून हिंदी महासागराच्या किनारी बागामोयोला पोहोचवला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता.

या प्रसंगाचे चित्र इंग्रजी पुस्तकांत स्वामिनिष्ठेची कथा म्हणून रंगवले गेले. तिच्यात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. दीक्षा नसलेल्या, पंचविशीच्या आतल्या एका पोराने, वेळ आली तेव्हा, धर्मगुरूचे काम केले. कुणाची परवानगी मागायला कुणी नव्हतेच. आणि तो एकटा नव्हता. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे नाशिकचेच तिघे १८६०च्या दशकात मोंबासाकडे गेले आणि तिथल्या मिशनचा गाडा त्यांनी शिक्षक, धर्मशिक्षक, दुभाषे म्हणून ओढला. जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा मिळाली १८८५ मध्ये. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे ते सगळे काम करत होते, फक्त पदवी नव्हती. काम आधी आणि हुद्दा मागाहून, किंवा हुद्दा कधीच नाही, असा हा जुना रिवाज आहे. शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये रविवारी सतरंज्या झटकणाऱ्या मुलांना हा आपला वारसा आहे हे सांगितले जाते का, कोण जाणे.

मग हा वारसा मधल्या काळात गेला कुठे? याचे उत्तर थोडे अडचणीचे आहे. तो पगारात गेला.

मिशनच्या काळात नाशिक-नगर भागात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबे गावकुसाबाहेरची होती. जमीन नाही, गावात मान नाही, हातावर पोट. मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला आणि त्याबरोबर नोकऱ्याही दिल्या. गावोगावी ‘मास्तर’ नेमले. आठवडाभर तो पोरांना बाराखडी शिकवी, रविवारी प्रार्थना चालवी, कारण पाळक किंवा फादर घोड्यावरून वा बैलगाडीने येणार तो कधीतरी. बायाबापड्यांच्या घरी जाऊन शुभवर्तमान सांगणाऱ्या ‘बायबल बाया’ होत्या. कंपाउंडर होते, बोर्डिंगचे सुपरिंटेंडंट होते. जिथे श्रद्धा आणि पोट एकाच कचेरीतून चालते, तिथे ‘मी हे फुकट करीन आणि मला जे पटत नाही ते बोलेनही’ असे म्हणणारा माणूस तयार होणे अवघड असते. साहेब म्हणजे मायबाप. साहेब गेले, त्या जागी आपला माणूस आला, पण खुर्चीभोवतीची हवा तीच राहिली. आज बिनपगारी माणूस पुष्कळ मिळतो. त्याला वागवण्याची तऱ्हा मात्र पगारी माणसाच्या काळातली आहे.

ही गाठ ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकी ओळखली ते नारायण वामन टिळक नाशिकला शिकले होते. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले. पाळकाची दीक्षा घेतली, ‘ज्ञानोदय’साठी लिहिले, भजने रचली, कीर्तने केली. त्यांची पदे आजही ‘उपासना संगीत’मधून दर रविवारी गायिली जातात आणि गाणाऱ्यांपैकी अनेकांना ती पाठ असतात. पण १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला. भगवी वस्त्रे घातली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे येशूचे शिष्य एकत्र यावेत, परक्या देशातल्या मंडळाच्या हुकमाने चालणारी चर्चव्यवस्था सोडून इथल्या मातीतली भक्ती उभी राहावी, अशी त्यामागची धडपड होती. वारकऱ्यांच्या घडणीची त्यांच्यावर गाढ छाप होती. वारीला पुरोहित लागत नाही. विणेकरी कोण, चोपदार कोण, मुक्कामाला स्वयंपाक कुणाकडे, हे संसारी माणसेच ठरवतात. टिळकांना ख्रिस्ती मंडळी अशी हवी होती. दीड-दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. मराठी ख्रिस्ती लोक टिळकांची गाणी घेऊन बसले आणि त्यांचा राजीनामा विसरले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण त्याहून बोलके आहे. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेली ही बाई, जोडाक्षरांशी तिचे आयुष्यभर वाकडे. तिने कीर्तने केली, टिळकांचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. पहिले मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन १९२७ मध्ये नाशिकला भरले. १९३३च्या नागपूरच्या संमेलनाच्या अध्यक्ष लक्ष्मीबाई होत्या. १९३६ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले. चर्चच्या कुठल्याही उतरंडीत त्यांना पद नव्हते. हेच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंचे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि ते तिथल्याच बायकांनी आपल्या छापखान्यात जुळवून छापले. भाषांतर हे आजही भल्याभल्या समित्या नेमून केले जाणारे काम, आणि इथे खिळे जुळवणाऱ्या हातांत कालपर्यंत दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या मुली होत्या.

असे असताना कॅथॉलिक चर्चमध्ये बाईने अधिकृत वाचक किंवा वेदीसेवक व्हायला कायद्याची वाट मोकळी झाली ती जानेवारी २०२१ मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या फर्मानाने. प्रत्यक्षात बायका कित्येक वर्षे वाचत होत्याच. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे काम हे चर्चचे अधिकृत सेवापद म्हणून जाहीर झाले. नगर-नाशिकच्या खेड्यातल्या मास्तरांना हे कळले असते तर त्यांनी बहुधा टोपी सारखी करून ‘बरं’ एवढेच म्हटले असते.

कागदावर कॅथॉलिक चर्चने प्रापंचिकांना मान दिला त्याला आता साठ वर्षे झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढले. चर्चच्या कामात भाग घेणे ही फादरांनी दिलेली सवलत नाही, बाप्तिस्म्याबरोबरच ती जबाबदारी येते, असा त्याचा आशय. त्यानंतर मिस्सा मराठीत आली, वेदीकडे तोंड करून उभे राहणारे फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले, ढोलकी-टाळ चर्चमध्ये आले. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक, नगर आणि खानदेश वेगळे काढून नाशिकचा कॅथॉलिक धर्मप्रांत झाला, थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. मराठी बिशप, मराठी मिस्सा, मराठी गायन मंडळ. फक्त १९८३च्या चर्चकायद्याची एक ओळ तशीच राहिली: पॅरिश (धर्मग्राम) कौन्सिलचे मत सल्ल्यापुरते. आर्थिक मंडळ प्रत्येक धर्मग्रामात असलेच पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. पण ते मंडळ कुणी बनवायचे आणि वर्षातून किती वेळा बसवायचे, हे प्रमुख धर्मगुरूच्या स्वभावावर सुटते. चांगला फादर आला की बैठका होतात, चहा-बिस्किटे होतात, प्रश्न विचारता येतात. त्याची बदली झाली की वही बंद. ज्या व्यवस्थेचे भाग्य बदलीच्या आदेशावर ठरते तिला व्यवस्था कसे म्हणायचे?

प्रोटेस्टंटांकडे हा दोष नाही, तिथे दुसरा आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा अनेक मंडळ्या एका छताखाली आल्या. तिथे पास्टोरेट कमिटी निवडून येते, सेक्रेटरी आणि खजिनदार प्रापंचिकच असतात. म्हणजे मत आहे. आणि मत आले की पॅनेल आले, ‘आपला माणूस’ आला, भाऊबंदकी आली, दिवाणी दावे आले. मिशनच्या काळातल्या मोक्याच्या जमिनी शहराच्या मधोमध असताना निवडणूक फक्त उपासनेच्या वेळापत्रकावर लढली जाईल अशी आशा भाबडी आहे. प्रापंचिकांना अधिकार दिला की सगळे देवदूत होतात, असा या लेखाचा दावा नाही. धर्मगुरूंचा एक आक्षेपही खरा आहे: कौन्सिलवर यायला सगळे तयार, दफनभूमीतले गवत काढायला तेच पाच जण. अनेकांना सेवा हवी असते ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीसाठी. आणि ज्या बाईने वीस वर्षे गायन मंडळ चालवले ती नव्या पोरीला माइक द्यायला तयार नसते, हे फादरने केलेले नसते.

तरीही या आक्षेपाचे उत्तर नाशिक धर्मप्रांताच्या हद्दीतच सापडते, आणि तेही एका फादरांच्या हातचे.

हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात त्यांनी आयुष्य घालवले. विहिरी खोदल्या, पंप दिले, आणि पाणीच नाही तर पंपाचे काय करायचे, इथे येऊन थांबले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जर्मन मदतीने पाणलोटाचा कार्यक्रम आखला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ उभा केला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायचे, बांध घालायचे, झाडे लावायची. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्यातले नावाजलेले गाव. या कामाची अट ऐकण्यासारखी आहे. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मोकळी चराई आणि झाडतोड बंद करायची. म्हणजे हात मागितलेच. पण त्याबरोबर ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची, तिच्यात भूमिहीन आणि बायका हव्यात, आणि पैसा त्या समितीच्या खात्यात यायचा. हिशेब गावासमोर. बाखरांना शेतकऱ्यांवर विश्वास टाकणे सोपे होते असे नव्हे. गावातही पॅनेल असतातच, भाऊबंदकी तर असतेच असते. पण त्यांना हे उमगले होते की ज्याने चर खणला त्याला चराच्या पैशाचा हिशेब कळला नाही तर पुढच्या पावसात फुटलेला बांध तो बांधायला येणार नाही. बहुसंख्य गावकरी ख्रिस्ती नव्हते. बिगरख्रिस्ती शेतकऱ्याच्या हाती जे खाते एका फादराने विश्वासाने दिले, ते त्याच धर्मप्रांतातल्या श्रद्धावंताच्या नजरेला पडायला काय हरकत आहे?

वसईत याची आणखी जुनी साक्ष आहे. १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी कॅथॉलिक सहकारी पतपेढी निघाली. आज ती बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून उभी आहे. सुरुवात धर्मगुरूने केली. पण सभासद, संचालक, वार्षिक सभा, ताळेबंद हे सगळे सहकाराच्या कायद्याने प्रापंचिकांकडे आले. गाव तेच, माणसे तीच. शनिवारी बँकेच्या वार्षिक सभेत उभे राहून खर्चाच्या ओळीवर प्रश्न विचारणारा माणूस रविवारी चर्चमध्ये गप्प बसत असेल, तर तो काही रातोरात अडाणी होत नाही.

इथे कुणी म्हणेल, देवाच्या घरात हिशेब कसला मागता? वारकरी मागतात की. दिंडीत चालणारा भिशी भरतो आणि त्या पैशात तांदूळ किती आले, टँकरला किती गेले, याची चर्चा मुक्कामाला उघड होते. त्याने पांडुरंग रुसल्याचे ऐकिवात नाही. शिवाय कायदा धर्मगुरूंनाही सोडत नाही. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या चर्चला १९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात, धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. परदेशी देणग्यांवर २०१० आणि पुन्हा २०२० मध्ये नियम कडक झाले, तेव्हापासून तर सनदी लेखापालाचा मुक्काम ऑफिसात वाढला आहे. म्हणजे हिशेब तयार असतो. तो सरकारला दाखवला जातो, दान टाकणाऱ्याला मात्र दाखवला जातोच असे नाही, एवढीच गंमत.

रोमनेही आता हे लिहून टाकले आहे. २०२१ ते २०२४ या काळात कॅथॉलिक चर्चने जगभर ‘एकत्र वाटचाल’ या विषयावर विचारविनिमय केला. भारतातल्या धर्मप्रांतांतही प्रश्नावल्या फिरल्या, गटचर्चा झाल्या. त्यासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला भरलेल्या सिनडमध्ये, म्हणजे धर्मसभेत, पहिल्यांदाच बायकांना आणि इतर प्रापंचिकांना मतदानाचा अधिकार मिळाला. ऑक्टोबर २०२४च्या अंतिम मसुद्यात पॅरिश कौन्सिलसारखी मंडळे बंधनकारक व्हावीत, आर्थिक मंडळे खरोखर काम करणारी असावीत, वार्षिक हिशेब प्रसिद्ध व्हावा, असे सांगितले गेले. पोपनी तो मसुदा जसाच्या तसा स्वीकारला. नाशिकमध्ये ज्यांनी गटचर्चेत बसून आपले म्हणणे कागदावर लिहून दिले, त्यांना त्या कागदांचे पुढे काय झाले हे कळवणे हे आता निदान सौजन्य म्हणून तरी करायला हवे.

तरुणांचा मुद्दा यातूनच निघतो. ‘आजकालची पोरे चर्चमध्ये येत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक कमिटीत ऐकू येते. पोरे येतात, नाताळच्या गोठ्यासाठी रात्र-रात्र जागतात, थर्माकोल कापतात, वायरिंग करतात, स्पीकर खांद्यावर आणतात. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेलीसुद्धा सुटी काढून येतात. पण ज्या मुलीने कंपनीत लाखोंचे बजेट हाताळले आहे तिला इथे पताकांचा रंग कोणता एवढेच विचारले जाते. दोन-तीन नाताळ ती करते. चौथ्या नाताळाला तिला सुटी मिळत नाही.

काय करावे, याला मोठी योजना लागत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, हिशेब तपासून यायला काही महिने जातात. तो आला की एका रविवारी जमा-खर्चाचे एक पान मराठीत, मोठ्या अक्षरांत, चर्चच्या सूचनाफलकावर लावावे. दान इतके, दुरुस्ती इतकी, गरिबांच्या मदतीला इतके, शिल्लक इतकी. त्याच दिवशी उपासनेनंतर पाच मिनिटे काढून कौन्सिलमधल्या कुणा प्रापंचिकाने, शक्यतो बाईने, ते वाचून दाखवावे. दोन प्रश्न आले तर येऊ द्यावेत. कौन्सिलवर तीन वर्षांपेक्षा जास्त कुणी बसू नये, आणि फादर बदलले तरी कौन्सिल बदलू नये. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तर निवडणुकीआधी मागच्या कमिटीचा हिशेब वाचल्याशिवाय मतपत्रिकाच वाटू नये. खर्च म्हणाल तर एका झेरॉक्सचा. माइक, खुर्च्या आणि सतरंज्या सेवेकऱ्यांनी सकाळी सातलाच लावून ठेवलेल्या असतात.